कॉलरबाईचा हात

कॉलरबाईनं पाकीट घेतलं, हे पहिल्यांदा कुजबुजलं गेलं ते इस्त्रीच्या टेबलापाशी. तिथं ते पाकीट पातळ होतं. काज-बटणांच्या रांगेपर्यंत येता येता ते फुगलं. कापडाच्या गोदामात पोचलं तेव्हा त्यात नोटांची दोन पुडकी होती, आणि फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर तर पाकिटाचा चक्क फ्रिज झाला. दोन दारांचा. तो तिच्या जिन्यावरून चढवताना बघितलेली माणसं आठवड्याभरात तीन निघाली, आणि तिघांनी तीन रंग सांगितले.

अफवा थोडक्यात अशी: सरकारी माणूस घड्याळ घेऊन शर्टांच्या कारखान्यात काम मोजायला आला, त्या दिवशी कॉलरबाईनं वरच्या मजल्यावरच्या साहेबांकडून पैसे खाल्ले आणि मुद्दाम हात पळवला. म्हणून सगळ्या बायांचा शिलाईचा दर शंभर नगांमागे बारा रुपयांवरून नऊवर आला.

फ्रिज होता, ते खोटं कशाला बोला. एका दाराचा होता आणि ते दार सुतळीनं बांधलेलं होतं. नवऱ्यानं कुणाच्या तरी घर बदलण्यात तो उचलून आणला होता आणि अफवेच्या आधी चार वर्षं तो स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात घरघरत उभा होता. पण टपरीवर बसून फ्रिजची जन्मतारीख कोण विचारतो?

कॉलरबाई म्हणजे सव्वीस वर्षं फक्त कॉलर शिवलेली बाई. शर्टाचं बाकी अंग तिला परकं. खिसा लावायला सांगितला तर पाहुण्याच्या घरी आल्यासारखी बसायची. कॉलर मात्र तिच्या हाताखालून अशी निघायची, की दोन्ही टोकं एकमेकींची जुळी बहीण. टोक बाहेर काढायला तिनं दात घासायच्या ब्रशचा दांडा घासून घासून अणकुचीदार केला होता आणि तो ती कुणाला उसना देत नसे. रस्त्यानं जाताना ती माणसाचं तोंड बघायचीच नाही, गळा बघायची. शेजारचा वकील मेला तेव्हा सगळे रडत होते आणि ही म्हणाली, बिचाऱ्याची डावी कॉलर आयुष्यभर वाकडीच राहिली.

स्वभाव? संशयी. दुधाच्या पिशवीवरची तारीख ती तीनदा वाचायची, औषधाच्या पाकिटावरची मुंगीएवढी अक्षरं भिंगाखाली धरायची, आणि दुकानदारानं एकावर एक फुकट म्हटलं की दोन्ही परत ठेवून यायची. नवरा पाण्याच्या खात्यात घरोघर मीटर वाचायला जायचा. तो उलट्या स्वभावाचा. त्याला कुणीही काहीही सांगावं आणि त्यानं मान हलवावी. दोघांचं जमलं कारण त्यानं विश्वास ठेवायचा आणि हिनं तो काढून घ्यायचा, अशी कामाची वाटणी झाली होती.

हे लग्न जुळवलं नणंदेनं. थोरली नणंद त्याच कारखान्यात काज करायची, आणि नव्या भावजयीला मशीनवर बसवून पहिला टाका घालायला तिनंच शिकवलं होतं. दर सुट्टीला नणंद भावाच्या घरी जेवायला यायची, मिठाला नावं ठेवायची, दोन घास जास्त खायची. कारखान्यात दोघींचे डबे एकाच टेबलावर उघडायचे. कॉलरबाईनं जिच्यावर संशय घेतला नाही अशी जगात एकच व्यक्ती होती, ती ही.

आता मोजणीचं प्रकरण.

निवडणूक झाली, मंत्री तेच राहिले. कारखान्याच्या दर्शनी भिंतीवर मालक आणि मंत्री एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हसतायत असा फोटो होता, त्याची काच तेवढी नवी बसवली. मग हुकूम निघाला की इथून पुढे शिलाईचे दर मनाला येईल तसे ठरणार नाहीत, शास्त्रानं ठरतील. एका माणसाला एका कामाला किती वेळ लागतो तो घड्याळ लावून मोजायचा आणि त्यावरून समितीनं दर बांधायचा; वेळ कमी लागला की दर कमी. समितीत तीन खुर्च्या. एक मालकांची, एक सरकारची, एक कामगारांची. कामगारांच्या खुर्चीवर पुढारी बसणार होता. हा पूर्वी इस्त्रीवाला होता. अलीकडे त्याचे कपडे कडक इस्त्रीचे असायचे, पण इस्त्री दुसरं कुणीतरी करायचं.

शास्त्र म्हटल्यावर बाया सावध झाल्या. संडासाच्या बोळात बैठक बसली आणि नणंदेनं कायदा केला: मोजणीच्या तासाला कुणीही चाळीसच्या वर नग काढायचे नाहीत. रोजचा हात पन्नासचा. दहा नग कुठं मुरवायचे? दोरा तोडा, बॉबिन बदला, चष्मा पुसा, शिंका. ऐकायला सोपं, पण वीस-वीस वर्षं पळणारे हात आवरायला बायांना आठ दिवस सराव करावा लागला. एकीला तर हळू शिवताना चक्कर आली. नणंद मधून फिरून बघायची आणि दटावायची, अगं जरा आळस कर, आळस.

मोजणीवाला आला तो पोरसवदा, घामेजलेला, गळ्यात घड्याळ आणि हातात फळी. त्याच्या मागे मधला साहेब. मधला म्हणजे मालकांच्या खालचा आणि बायांच्या वरचा; दोन्हीकडून शिव्या खाणारा, पण एकीकडूनच पगार घेणारा. नणंदेनं त्या दिवशी जे नाटक केलं त्याला तोड नव्हती. तासात चार वेळा दोरा तोडला आणि प्रत्येक वेळी असा उसासा टाकला की त्या पोरानंच सुई ओवायला हात पुढे केला. एकोणचाळीस नग.

मग कॉलरबाईची पाळी. पोरगा घड्याळ दाबणार, एवढ्यात मधला साहेब त्याला म्हणाला, आवाज मुळीच कमी न करता, "हिला राहू द्या. होती एके काळी चांगली. आता हात गेला. पुढच्या महिन्यात बटणांच्या टेबलावर घालतोय."

बटणांच्या टेबलावर म्हाताऱ्या बसायच्या. बटणं मोजून डब्यात टाकायची आणि घरी जायचं.

दुधाची तारीख तीनदा वाचणाऱ्या बाईनं हे वाक्य एकदा तरी तपासून घ्यायला हवं होतं. मधला साहेब मोठ्यानं का बोलला? मोजू नका म्हणाला आणि तिथून हलला का नाही? पण नाकाला मिरच्या झोंबल्या की वास कशाचा येणार? तिनं डोळ्यांनी पोराला खूण केली, दाब. आणि हात सोडले. टोकं, पलटी, टाका, टोकं. दोन रांगा पलीकडे नणंद खोकली, मग जोरात खोकली, मग खुर्ची पाडली. कॉलरबाईला काही ऐकू आलं नाही. तास संपला तेव्हा तिच्या उजव्या बाजूला एकसष्ट कॉलरी होत्या आणि एकीचंही टोक बोथट नव्हतं.

तिनं मधल्या साहेबाकडे बघितलं. तो हसत होता.

तिला वर बोलावून मोजणीच्या कागदावर सही घेतली आणि नियमाप्रमाणे एक नक्कल पाकिटात घालून दिली. ते पाकीट हातात धरून ती जिन्यानं खाली आली ती इस्त्रीच्या टेबलांसमोरून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि वर हातात पाकीट.

महिना उलटून गेल्यावर, एक तारखेला, सूचनाफलकावर कागद लागला: प्रत्यक्ष जागेवरच्या मोजणीला अनुसरून दर नऊ. खाली तीन सह्या. बायांनी कागद वाचला आणि एकेक करून मान वळवली. कॉलरबाई तिथंच उभी होती.

त्या दुपारी नणंदेनं आपला डबा उचलला आणि खिडकीखालच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्या सुट्टीला ती जेवायला आली नाही, पुढच्याही नाही. नवरा बिचारा बहिणीच्या घरी चहा प्यायचा आणि बायकोच्या घरी जेवायचा, आणि दोन्हीकडे मूग गिळून बसायचा. कारखान्यात कॉलरबाईच्या मशीनवर रोज सकाळी कुणीतरी एक रिकामं पाकीट ठेवू लागलं. कोण ठेवतं हे तिला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, पण ती बोलली नाही. पाकिटं तिनं जपून ठेवली आणि त्यात सुया भरल्या. पंचवीसेक झाली.

बोलणार तरी काय? पैसे घेतले नाहीत म्हणावं तर पुढचा प्रश्न तयार, मग हात का पळवला? आणि त्याचं खरं उत्तर तिला पाकीट खाण्यापेक्षा लाजिरवाणं वाटत होतं. विकल्या गेलेल्या बाईची निदान काही किंमत तरी झालेली असते. ही फुकटात गेली होती, तीही एका टोमण्याला.

रात्रंदिवस तिच्या डोक्यात एकच हिशेब: माझ्या एका तासानं दोनशे बायांच्या ताटातला चौथा घास गेला. तो घास कुठं गेला हे मात्र तिनं बरेच दिवस विचारलं नाही. चोर घरातच सापडला की माणूस अंगण बघत नाही. बाजारातल्या मोठ्या दुकानाच्या काचेत तिला एकदा आपलीच कॉलर दिसली. टोकापाशी दोन उलटे टाके घालायची तिची सवय होती, त्यावरून ओळखली. शर्टाच्या किमतीची चिठ्ठी वाचायला ती आत शिरली आणि आठ दिवसांची कमाई वाचून बाहेर आली. दर पडला, पण शर्टाची किंमत कुठं पडली होती? उलट ती वाढली होती. कारखान्याच्या मागं तिसरी इमारत चढत होती, तिचा पाया मंत्र्यांच्या हस्ते घातला होता, आणि मालकांना सरकारनं कामगार कल्याणाच्या मंडळावर घेतलं होतं. हे सगळं तिनं बघितलं, आणि तरीही तिला वाटत राहिलं की मूळ दोष आपल्या हाताचा.

उलगडा झाला तो पुठ्ठ्यामुळे.

या कारखान्यात कापडाच्या प्रत्येक गठ्ठ्याला एक छापील चिठ्ठी बांधलेली असते. चिठ्ठीवर कामाचं नाव आणि दर. गठ्ठा शिवून झाला की बाई चिठ्ठी फाडून आपल्या कार्डावर चिकटवते आणि त्या कार्डावर पगार होतो. चिठ्ठ्या वहीसारख्या बांधून येतात, आणि वही संपली की मागचा पुठ्ठा उरतो. तो पुठ्ठा जाड, गुळगुळीत. कॉलरबाई त्यातून टोकाचा साचा कापायची. एक साचा महिनाभर टिके. नव्या दराच्या चिठ्ठ्या पिवळ्या होत्या. पहिली पिवळी वही संपली तेव्हा तिनं पुठ्ठा मागून घेतला, चष्मा लावला, पेन्सिलीनं रेघ मारायला वाकली, आणि तळाशी मुंगीएवढी अक्षरं दिसली. छापखान्याचं नाव, किती वह्या छापल्या, आणि कोणत्या तारखेला.

तारीख तीन होती. मोजणी त्याच महिन्याच्या बावीस तारखेला झाली होती.

तिनं रेघ मारली नाही. पुठ्ठा डब्याच्या पिशवीत घालून घरी आणला, मोजणीच्या कागदाशेजारी ठेवला आणि नवऱ्याला बोलावलं. नवरा म्हणाला, छापताना चूक झाली असेल. तिनं विचारलं, तुमच्या मीटरवर पाणी वापरायच्या आधी आकडा येतो का? तो प्रामाणिक माणूस. थोडा विचार करून म्हणाला, मोठ्या साहेबांच्या बंगल्यांवर येतो कधी कधी, पण तो कमीचा येतो.

पुढच्या सुट्टीला ती छापखान्यात गेली. बस थांब्यामागच्या गल्लीत एक लांबट खोली, शाईचा वास, आणि गल्ल्यावर बोलघेवडा कारकून. नवऱ्याच्या नावाची कार्डं छापायची आहेत म्हणून तिनं सुरुवात केली. कागद बघितले, किमतीला नाक मुरडलं, आणि मग सहज विचारल्यासारखं, आमच्या कारखान्याच्या पिवळ्या चिठ्ठ्या तुम्हीच छापता ना, छान छापता. कारकून खुलला. म्हणाला, एकट्या तुमच्याच नाहीत बाई, गावातल्या बाराही कारखान्यांच्या आम्हीच छापतो. एक तारखेला एकाच माणसानं येऊन बाराही ऑर्डरी दिल्या, तीनला माल तयार.

"दराची जागा कोरी ठेवून?" तिनं विचारलं.

"कोरी कशाला? टाइप करूनच आला होता. सगळीकडे नऊ."

आणि कुणी विचारलं नसताना त्यानं हेही सांगून टाकलं की समितीचे कागद इथंच छापतात, मंत्र्यांची निवडणुकीची पत्रकंही इथलीच, कारण छापखान्याचा मालक मंत्र्यांचा सख्खा साडू. बढाई मारायला माणसाला गिऱ्हाईक पुरतं. ती कार्डं मात्र तिला छापून घ्यावी लागली. मीटर वाचणाऱ्या माणसाची शंभर सुबक कार्डं अजून त्या घरात पडून आहेत.

तिथून ती सरळ नणंदेच्या दारात. नणंदेनं दार अर्धंच उघडलं. कॉलरबाई आत शिरली नाही. उंबऱ्याबाहेरूनच तिनं दोन्ही कागद पुढे केले आणि दोन्ही तारखांवर बोट ठेवलं. छापखान्यातलं सगळं सांगितलं. नणंदेनं दोन्ही तारखा पुन्हा वाचल्या. मग म्हणाली, "म्हणजे माझा चार वेळा तोडलेला दोरा फुकट गेला."

"माझे एकसष्टही फुकट गेले, वन्सं. आधीच छापलेल्या नवाला दाखला तेवढा झाले."

"ते राहू दे. हात पळवलास ना पण?"

"पळवला."

"पैसे घेतले नाहीस म्हणतेस. मग का?"

कॉलरबाई इकडे तिकडे बघू लागली. शेजारचं दार बंद होतं, तरी ते ऐकत असणार अशी तिला खात्री होती. "हात गेला म्हणाला," ती हळू आवाजात बोलली. "बटणांवर घालणार म्हणाला. तुमच्यादेखत म्हणाला, मशीनच्या घरघरीत तुम्हाला ऐकू आलं नसेल."

नणंद तिच्याकडे बघत राहिली. रागानं नव्हे, खोटा टाका शोधताना बघतात तसं. "मूर्खच आहेस," ती शेवटी म्हणाली. "हे खोटं असतं तर तू याहून बरं काहीतरी रचलं असतंस." आणि दार पूर्ण उघडलं.

दुसऱ्या दिवशी दोघी पुढाऱ्याकडे गेल्या. त्यानं पुठ्ठा घ्यायला हात पुढे केला, नणंदेनं दुरूनच दाखवला. त्यानं तारीख वाचली, मग दुसरी वाचली. अन्याय झाला असं काही तो म्हणाला नाही, समितीची बैठक कधी झाली होती तेही सांगितलं नाही. त्याचा पहिला प्रश्न, हे अजून कुणाकुणाला दाखवलंत? मग म्हणाला, मूळ कागद माझ्याकडे द्या, पुढच्या बैठकीत ठेवतो. दोघी एका सुरात नाही म्हणाल्या. नक्कल मात्र दिली. पुढच्या बैठका दोन झाल्या. विषय वेळेअभावी राहिला, असं तो दोन्ही वेळा म्हणाला.

बायांना नणंदेनं स्वतः टेबलाटेबलावर जाऊन पुठ्ठा दाखवला. काहींना पटलं. काहींनी विचारलं, हा पुठ्ठा तरी हिला कुणी दिला? पाकिटाची गोष्ट महिनाभर सांगून झाल्यावर ती परत गिळणं सोपं नसतं, आणि मंत्र्यावर चिडण्यापेक्षा शेजारच्या मशीनवर चिडणं जवळ पडतं. रिकामी पाकिटं यायची थांबली. नणंदेचा डबा पुन्हा आपल्या टेबलावर आला आणि पहिल्याच दिवशी तिनं कॉलरबाईच्या मिठाला नावं ठेवली.

दर नऊच राहिला. पिवळ्या चिठ्ठ्यांच्या नव्या वह्या आल्या तेव्हा बायांनी आधी त्यांचे पुठ्ठे उलटून बघितले. तळाशी ना छापखान्याचं नाव होतं, ना तारीख. तेवढी सुधारणा मात्र वरच्यांनी ताबडतोब केली.

तर खरी गोष्ट एवढीच आहे. कॉलरबाईनं पैसे घेतले नव्हते. पाकिटात मोजणीच्या कागदाची नक्कल होती. हात तिनं अहंकारापोटी पळवला. दर तिच्या मोजणीच्या एकोणीस दिवस आधी छापून झाला होता.